सर्दी-ताप, अंगातला दाह आणि आपला तेलाचा डबा

मैत्रिणींनो, पावसाळा उतरणीला लागला की घरोघरी एकच गाऱ्हाणे सुरू होते. धाकट्याचे नाक गळते आहे, थोरलीच्या अंगात कणकण आहे, 'हे' ऑफिसातून घसा बसवून आले आहेत, आणि आपल्याला मात्र आजारी पडायचीसुद्धा सोय नाही!

मग सल्ले येऊ लागतात. सासूबाई म्हणतात, "तेल-तूप अगदी बंद कर त्याचं, खोकला वाढेल." शेजारच्या वहिनी सांगतात, "अहो, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू करा. ओमेगा-३ असतं त्यात, सर्दी उभी राहत नाही." कोपऱ्यावरचा औषधवाला न विचारताच एक गोळी पुढे करतो आणि वर म्हणतो, "मागच्या वेळी हीच लागू पडली होती ना?"

गंमत अशी, की या तिघांचे बोलणे एकाच गोष्टीपाशी येऊन थांबते. ती गोष्ट म्हणजे मेदाम्ले. तेला-तुपातून आपल्या पोटात जाणारी आणि शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात जाऊन बसणारी. सर्दी-तापात आपल्याला जे काही भोगावे लागते, त्यातले बरेचसे याच मेदाम्लांपासून तयार होते. हे एकदा नीट कळले, की कोणाचा सल्ला ऐकायचा आणि कोणाचा हसून सोडून द्यायचा, ते आपले आपल्याला ठरवता येते. चुकीची गोळी मुलाच्या पोटात जाण्यापासून वाचते, हा फायदा तर फार मोठा.

ताप आणतो कोण?

आपण म्हणतो, "विषाणूने ताप आला." ते अर्धेच खरे आहे. फोडणीचा ठसका लागला, की नाकाडोळ्यांतून पाणी येते आणि खोकल्याची उबळ येते. ते पाणी काही मिरचीने आणलेले नसते. मिरचीला बाहेर घालवण्यासाठी आपल्या शरीराने ते आणलेले असते. सर्दीच्या किंवा फ्लूच्या विषाणूचेही तसेच आहे. तो नाका-घशातल्या पेशींत शिरतो, तिथे आपली पिल्लावळ वाढवतो, आणि शरीर त्याला हुसकावण्याच्या तयारीला लागते. त्या जागी रक्त जास्त येते, सूज येते, पाणी झिरपते, दुखू लागते. या साऱ्या खटाटोपाला वैद्यकात 'दाह' म्हणतात.

या दाहाचे निरोपे शरीर कशापासून बनवते? पेशीच्या आवरणातल्या मेदाम्लांपासून. त्यातले मुख्य आहे ॲराकिडोनिक आम्ल. नाव मोठे अवघड आहे खरे, पण त्याचे मूळ आपल्या शेंगदाण्यात आहे. शेंगदाण्याच्या शास्त्रीय नावावरून एका मेदाम्लाला नाव मिळाले आणि त्याच्यावरून याला. शेंगदाण्यात मात्र ॲराकिडोनिक आम्ल नसते, बरं का! ते आपल्याला अंडी-मांसातून मिळते, किंवा करडई, सूर्यफूल, शेंगदाणा अशा तेलांतल्या लिनोलिक आम्लापासून शरीर स्वतःच तयार करते.

विषाणू शिरला, की पेशी आपल्या आवरणातून हे आम्ल सोडवून घेते. जणू गच्चीवरच्या टाकीचा मुख्य कॉक उघडला! तिथून दोन मोठे नळ निघतात. एका नळातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ येतात, दुसऱ्यातून ल्युकोट्राईन. हे दोन नळ लक्षात ठेवा. पुढे औषधांच्या वेळी त्यांचे काम पडणार आहे.

प्रोस्टाग्लँडिन मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला सांगते, "उष्णता वाढव." झाला ताप! तेच सांध्यांना ठणका लावते, डोके दुखवते. आणि आपल्या बायकांच्या ओळखीची गोष्ट सांगायची, तर महिन्याच्या त्या चार दिवसांत ओटीपोटात जी कळ येते, ती आणणारे पदार्थही याच घराण्यातले. पाळीच्या दुखण्यावर आणि तापावर पुष्कळदा सारख्याच जातीच्या गोळ्या का लागू पडतात, ते आता ध्यानात आले ना?

उंदरांच्या शेपटीपासून नोबेलपर्यंत

ही माहिती शास्त्रज्ञांना एका दिवसात मिळालेली नाही. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या पती-पत्नीने मिळून एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना अजिबात स्निग्धांश नसलेले अन्न दिले. साखर होती, प्रथिने होती, जीवनसत्त्वे होती. फक्त तेल-तूप नव्हते. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले, आणि पुढे ते मेले. योग्य मेदाम्ल थोडेसे दिले, की ते सुधारत. तोवर चरबी म्हणजे नुसते इंधन असे समजत. काही मेदाम्ले शरीराला बाहेरूनच मिळावी लागतात, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

प्रोस्टाग्लँडिन हे नाव स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ साली ठेवले. ॲस्पिरिन तर त्याच्याही आधीपासून घरोघरी होते. पण ते ताप नेमका कसा उतरवते, हे १९७१ साली इंग्लंडच्या जॉन वेन यांनी उलगडले. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनचा नळ बंद करते! १९८२ साली वेन यांना स्वीडनच्या स्यून बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. ल्युकोट्राईनला नाव दिले ते याच सॅम्युएल्सन यांनी, १९७९ मध्ये.

दम्याच्या घरी साधी सर्दीही भारी

दुसऱ्या नळातले ल्युकोट्राईन श्वासनलिका आवळते, तिथे सूज आणते, कफ वाढवते. सर्वांनाच त्याचा त्रास होतो असे नाही. पण घरात कोणाला दमा किंवा बाळदमा असेल, तर तुम्हाला अनुभव असेलच. इतर मुलांची सर्दी चार दिवसांत जाते आणि याची छाती दुसऱ्याच रात्री वाजू लागते.

म्हणून अशा मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. डॉक्टरांनी रोजचा पंप दिला असेल, तर 'आता बरा आहे' म्हणून तो मनाने थांबवू नका. दुसरे असे, की काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने एकदम धाप लागते. एक नळ बंद केला की दुसऱ्याला जोर येतो, तसा प्रकार. घरात असे माणूस असेल, तर गोळी लिहून घेताना डॉक्टरांना आधी दम्याचे सांगा.

ल्युकोट्राईनला अडवणारे एक औषध आहे, मॉन्टेलुकास्ट. दमा आणि ॲलर्जीसाठी ते उपयोगी आहे. पण अलीकडे साध्या सर्दीलाही ते सर्रास घरात आणून ठेवतात आणि कोणालाही देतात. काही जणांची त्याने झोप उडते, स्वभाव चिडका होतो, मन उदास होते. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. मूल हे औषध घेत असेल आणि एकाएकी वेगळे वागू लागले, तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

दाह विझवायचीही सोय आहे

पाहुणे गेल्यावर घर आवरावे लागते, तसे विषाणू गेल्यावर दाहही आवरावा लागतो. पूर्वी वाटे, तो आपोआप विरून जातो. पण अमेरिकेत बोस्टनचे चार्ल्स सेऱ्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत दाखवले, की दाह आवरता घ्यायलाही शरीर खास पदार्थ बनवते. त्यातल्या काहींना त्यांनी 'रिझॉल्व्हिन' असे नाव दिले. हे पदार्थ बनतात ओमेगा-३ जातीच्या मेदाम्लांपासून. म्हणजे मासळीच्या तेलात असतात त्यांपासून.

हे आवरते घेणे जमले नाही, तर काय होते? फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत पाणी साचते आणि प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. फ्लूच्या किंवा कोविडच्या गंभीर रोग्यांत विषाणूच्या जोडीने शरीराचा स्वतःचा बेफाम दाहही घात करतो, तो असा.

मग कॅप्सूल घ्याव्यात का?

तुम्ही म्हणाल, "हे सगळं ठीक आहे हो, पण वहिनी म्हणतात तेच खरं ना मग? माशाचं तेल घेतलं की झालं!"

थांबा हं. २०१३ साली जपानी शास्त्रज्ञांनी फ्लू झालेल्या उंदरांना ओमेगा-३ पासून बनणारा प्रोटेक्टिन नावाचा पदार्थ दिला. विषाणूची वाढ मंदावली आणि उंदीर जास्त जगले. पण त्याआधी २००९ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात उंदरांना आधी भरपूर माशाचे तेल खाऊ घालून मग फ्लू दिला होता, आणि तेच उंदीर जास्त मेले! दाह फारच दबला आणि विषाणूला मोकळे रान मिळाले. दाह हा आपला रखवालदारही आहे. त्याला झोपवून ठेवणे बरे नव्हे.

उंदरांचे सोडा, माणसांचे पाहू. नॉर्वे देशात हिवाळ्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल चमचाभर घ्यायची जुनी रीत आहे. २०२०-२१ च्या कोविडच्या हिवाळ्यात तिथे चौतीस हजारांहून अधिक प्रौढ माणसे एका चाचणीत सामील झाली. निम्म्यांना रोज ५ मिलिलिटर कॉडचे तेल, निम्म्यांना तेवढेच मक्याचे तेल. कोणाला कोणते मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हते. सहा महिन्यांनी ताळा पाहिला, तर कोविडमध्ये फरक नाही आणि सर्दी-खोकल्यातही नाही. २०२२ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. तेव्हा सर्दी 'उभी राहू नये' म्हणून महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवायचे कारण नाही. हृदयासाठी किंवा आणखी कशासाठी डॉक्टरांनी दिल्या असतील, तर ती गोष्ट वेगळी. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर विचारल्याशिवाय अशी कॅप्सूल घेऊच नये.

स्वयंपाकघरात काय करता येईल?

पेशीच्या आवरणात कोणती मेदाम्ले बसतात, ते आपण महिनोन् महिने काय खातो त्यावर ठरते. आज बांगडा खाल्ला आणि उद्या ताप उतरला, असे होत नाही. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, यावरून हिशेब करा! म्हणून आजारापुरते नव्हे, वर्षभराचे जेवण पाहावे.

आपल्याकडच्या नेहमीच्या करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल असते. शेंगदाणा तेलात त्यापेक्षा बरेच कमी. यांपैकी कशातही ओमेगा-३ म्हणण्यासारखे नसते. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात थोडे असते. म्हणून एकाच तेलाला चिकटून न राहता ती आलटून पालटून वापरावीत, हे बरे. पण "करडईच्या तेलाने अंगात दाह वाढतो" असे कोणी म्हणाले, तर घाबरू नका. माणसांवरच्या प्रयोगांत लिनोलिक आम्ल वाढवून दिले, तरी रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढलेल्या दिसल्या नाहीत. शरीर लागेल तेवढेच वापरते.

ओमेगा-३ साठी आपल्याकडे सोपी सोय आहे, जवस! त्याच्या तेलातला निम्मा भाग ओमेगा-३ जातीचा असतो. जवसाच्या कुटाच्या एका मोठ्या चमच्यातून सुमारे दीड ग्रॅम मिळते. अमेरिकी आहारतज्ज्ञ प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला १.१ ग्रॅम धरतात, म्हणजे चमचाभर चटणीत भागले. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. सुक्या मिरच्या, लसूण, जिरे आणि मीठ घालून कुटा, आणि लहान बरणीत भरून ठेवा. अख्खे जवस पचत नाहीत, तसेच बाहेर पडतात, म्हणून कूटच हवे. जवसाचे तेल मात्र तळणाला वापरू नये.

मासळी खाणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा बांगडा किंवा तारली करावी. स्वस्त मासळी म्हणून तिला नाक मुरडू नका; या बाबतीत ती पापलेटाला हार जात नाही. जवसातल्या मेदाम्लाचे मासळीतल्या मेदाम्लात रूपांतर शरीर करते, पण फारच थोडे. शाकाहारी घरांनी त्याची धास्ती घेऊ नये. जवस आणि अक्रोड आहारात असावेत, एवढे पुरे.

आजाराच्या आठवड्यात

आता सासूबाईंचे म्हणणे. ठसक्याचे, झणझणीत तळण घशाला टोचते, हे खरे. वडे-भजी चार दिवस नकोतच. पण लहान मुलाचे तेल-तूप अगदी तोडणे चुकीचे. तापात शरीराला जास्त शक्ती लागते आणि मुलाच्या पोटात जेमतेम चार घास जातात. त्या चार घासांतच शक्ती भरायला हवी. मऊ खिचडीवर चमचाभर साजूक तूप घाला, थोडे थोडे पण पुन्हा पुन्हा भरवा. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नका. बरे झाल्यावर आठवडा-दोन आठवडे एक जेवण जादा द्या. सासूबाईंना वाद घालून सांगू नका. "डॉक्टरांनी तूप घालायला सांगितलंय" म्हटले की काम होते!

आता गोळीविषयी. हे मात्र लक्ष देऊन वाचा.

मुलाच्या तापाला ॲस्पिरिन कधीही देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांत ॲस्पिरिन दिलेल्या मुलांना क्वचित 'राय' नावाचा भयंकर आजार होतो. त्यात मेंदूला सूज येते आणि यकृत बिघडते. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. राय यांनी १९६३ साली त्याचे वर्णन केले. अमेरिकेत १९८० साली असे ५५५ रोगी नोंदले गेले. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका, असे तिथे आयांना बजावले गेले, आणि १९८७ पासून वर्षाला ३६ च्या वर रोगी कधी गेले नाहीत. आयांनी एक गोळी टाळली आणि एवढी मुले वाचली.

आपल्याकडे पावसाळी ताप डेंग्यूचाही असू शकतो. त्यात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच बरे. तेही मुलाच्या वजनावर, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचे अंतर ठेवून, आणि दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त नाही. बाटलीवर किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम लिहिले आहे, ते वाचूनच मोजा. थेंबांचे औषध आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरी औषध न देता सरळ डॉक्टरांकडे न्या.

शेवटची गोष्ट स्टेरॉइडची. ते नळ बंद करत बसत नाही, टाकीचा मुख्य कॉकच आवळते. दाह झपाट्याने उतरतो. २०२० साली इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने कोविडच्या गंभीर रोग्यांचे प्राण वाचवले. कृत्रिम श्वासावर असलेल्यांत मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले, प्राणवायू लागणाऱ्यांत एक पंचमांशाने. पण ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना त्याचा काहीच फायदा दिसला नाही. सुरुवातीच्या दिवसांत दाहाला त्याचे काम करू द्यावे लागते.

आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत किती घरांत कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी ही गोळी सुरू झाली! स्टेरॉइडने रक्तातली साखर वाढते. आधीच मधुमेह, त्यात ही गोळी, आणि मग काळ्या बुरशीने कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा, कोणाचा जीव. म्हणून कपाटातल्या उरलेल्या गोळ्या आजच काढून पाहा. शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्या घरी नको, आणि आपली तिच्याकडेही नको. ज्यांना दम्यासाठी डॉक्टरांनीच स्टेरॉइडचा पंप किंवा गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी मात्र हे वाचून त्या बंद करू नयेत.

केव्हा धावावे?

मूल शांत असताना घड्याळ लावून पुरता एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, तर डॉक्टरांकडे न्या. पोट उडत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, मूल पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, ग्लानी असेल, तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. मोठ्या माणसांत बोलताना धाप लागणे, छातीत दुखणे, भ्रम होणे, बोटाच्या यंत्रावर आकडा ९४ च्या खाली जाणे, आणि ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा चढणे, या खुणा आहेत. घरात म्हातारे माणूस, गरोदर सून किंवा मधुमेही असेल, तर लवकरच दाखवावे, आणि फ्लूच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारून ठेवावे.

एवढे सगळे लक्षात राहणार नाही म्हणता? मग हे पान कापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मुलाचे वजन त्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदलत जा. रात्री दोन वाजता अंग तापले, की वजन आठवत बसायला नको.